‘माझ्याकडे तर क्लोन होतंय’: जेन्किन्स आणि गिटचं सुरक्षित कनेक्शन अडतं तेव्हा

जेन्किन्सवर, म्हणजे गिट या कोड सांभाळणाऱ्या साधनातून कोड घेऊन तो आपोआप बांधणाऱ्या सर्व्हरवर, बिल्ड लाल. कन्सोल लॉग उघडावा तर कंपाइल व्हायची वेळच आलेली नाही, गाडी फेचपाशीच, म्हणजे कोड आणण्यापाशीच, अडलेली. शेवटच्या ओळींत कुठेतरी ‘रिटर्न्ड स्टेटस कोड १२८’. आपण आपल्या टर्मिनलवर तीच रिपॉझिटरी, म्हणजे कोडचा साठा, क्लोन करून बघतो, दोन सेकंदांत येते. मग चॅटवर लिहितो, “माझ्याकडे तर चालतंय.”

हे वाक्य मी स्वतः लिहिलंय आणि नंतर कितीतरी जणांकडून ऐकलंय. गंमत अशी, की बिघाडाचा पत्ता बहुतेक वेळा त्याच वाक्यात असतो. ‘माझ्याकडे’ म्हणजे माझा लॅपटॉप, माझं लॉगिन, माझं होम फोल्डर, मी कधीतरी ‘यस’ टाइप करून मान्य केलेला सर्व्हर. जेन्किन्सकडे यातलं काहीच नसतं. तो दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या युजरच्या नावाने, दुसऱ्याच होममधून बोलत असतो, आणि त्याला कुणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला समोर माणूस नसतो.

उदाहरण जेन्किन्सचं घेतलंय. टीमसिटी किंवा गिटलॅब रनर असेल तर मेनू वेगळे, बिघाड तेच. आणि एक खुलासा: एसएसएच म्हणजे दुसऱ्या मशीनशी सुरक्षित बोलायची पद्धत, तिच्या ‘की’ला मी इथे किल्ली म्हणणार आहे. मराठीत दर दुसऱ्या वाक्यात एक ‘की’ येतोच, त्यात ही भर नको.

लक्षणं

१२८ या आकड्याला काही अर्थ नाही. गिटला जमलं नाही एवढंच तो सांगतो. खरी ओळ त्याच्या थोडी वर असते. ती सापडली की अर्धं काम झालं.

‘होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड’ दिसलं तर जेन्किन्सला सर्व्हरची ओळख पटलेली नाही. तुमच्या किल्लीपर्यंत बोलणं पोचलेलंच नाही, त्यामुळे नवी किल्ली बनवून काही होणार नाही.

‘परमिशन डिनाइड, पब्लिककी’ म्हणजे उलटं: सर्व्हरची ओळख पटली, आपली नाही पटली.

‘एरर इन लिबक्रिप्टो’ किंवा ‘इनव्हॅलिड फॉरमॅट’ आलं तर किल्ली वाचताच आली नाही.

‘कुड नॉट रीड युजरनेम’ किंवा ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ ही एचटीटीपीएसची दुखणी. टोकन (पासवर्डऐवजी चालणारी सांकेतिक अक्षरं) नाही, संपलंय किंवा चुकलंय.

‘एसएसएल सर्टिफिकेट प्रॉब्लेम’ आणि जावाचं लांबलचक ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ ही सख्खी भावंडं, पण घरं वेगळी. त्याबद्दल पुढे सविस्तर.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ किंवा ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल तर अजून सुरक्षित-असुरक्षित हा प्रश्नच आलेला नाही, वाटच बंद आहे.

एका ओळीने मात्र फसू नका. एसएसएचवर काहीही बिघडलं तरी गिट शेवटी ‘प्लीज मेक शुअर यू हॅव द करेक्ट ॲक्सेस राइट्स’ हे पालुपद म्हणतंच. फायरवॉलने अडवलं तरी तेच, होस्टची ओळख पटली नाही तरी तेच. ते वाचून लोक परवानगी मागायला धावतात, ॲडमिन बिचारा परवानगी देतो, आणि बिल्ड लाल तो लालच. याउलट खाजगी रिपॉझिटरी बघायचा हक्क नसेल तर गिटहब ही रिपॉझिटरी ठेवणारी साइट ‘रिपॉझिटरी नॉट फाउंड’ म्हणते, म्हणजे परवानगीचा शब्दही काढत नाही.

पत्ता आणि घड्याळ

दोन मिनिटांचं काम आहे, म्हणून आधी.

रिपॉझिटरीचा पत्ता एसएसएचचा आणि निवडलेलं क्रेडेन्शियल (ओळख पटवायची नोंद) युजरनेम-पासवर्डचं, ही जोडी मी अनेकदा पाहिलीय. एसएसएचच्या पत्त्याला किल्ली लागते, एचटीटीपीएसच्या पत्त्याला टोकन. गिटहब-गिटलॅबवर एसएसएचचं युजरनेम ‘गिट’ असतं. तिथे स्वतःचं नाव घातलं तर किल्ली बरोबर असूनही ‘परमिशन डिनाइड’ येतं. पत्त्याच्या शेवटी कॉपी-पेस्टमधून आलेली स्पेसही तपासा.

आणखी एक बारीक जागा. एसएसएचचा पत्ता दोन तऱ्हांनी लिहितात. आखूड तऱ्हेत होस्टच्या नावापुढे कोलन आणि लगेच फोल्डर येतं. लांब तऱ्हेत सुरुवातीला ‘एसएसएच’, कोलन आणि दोन स्लॅश असतात. तिथे होस्टपुढच्या कोलननंतर पोर्टचा आकडा अपेक्षित असतो. आखूड पत्त्याच्या सुरुवातीला नुसतं ‘एसएसएच’ चिकटवलं, तर फोल्डरचं नाव पोर्ट म्हणून वाचलं जातं आणि सगळं फसतं.

घड्याळ तपासायला ‘डेट’ कमांड पुरते. एजंटचं, म्हणजे बिल्ड चालवणाऱ्या मशीनचं, घड्याळ मागे किंवा पुढे गेलं असेल तर चांगलं सर्टिफिकेटही (सर्व्हरचं डिजिटल ओळखपत्र) ‘अजून लागू नाही’ किंवा ‘मुदत संपली’ ठरतं. बरेच दिवस थांबवून ठेवलेल्या व्हर्च्युअल मशीनवर हे हमखास होतं.

जेन्किन्स होऊन बघा

फक्त एकच तपासणी करायला वेळ असेल तर ही करा.

आधी काम कोणत्या मशीनवर झालं ते लॉगमधल्या ‘रनिंग ऑन’ ओळीत बघा. पाइपलाइनमध्ये दोन मशीन गुंतलेल्या असतात: शाखा शोधणं आणि जेन्किन्सफाइल वाचणं सहसा कंट्रोलर (जेन्किन्सचं मुख्य मशीन) करतो, प्रत्यक्ष चेकआउट एजंट करतो. त्यामुळे स्कॅन हिरवं आणि बिल्ड लाल, किंवा याच्या उलट, यात नवल काही नाही. दोन वेगवेगळ्या मशीन आपापल्या परीने खरं बोलत असतात.

त्या मशीनवर लॉगिन करा आणि जेन्किन्सच्या युजरने विचारा: ‘सुडो -यू जेन्किन्स -एच गिट एलएस-रिमोट’, पुढे रिपॉझिटरीचा पत्ता. एलएस-रिमोट काही उतरवत नाही, समोरच्या शाखांची यादी तेवढी मागतं, म्हणून तपासायला स्वस्त. ‘-एच’ विसरू नका. ते नसेल तर होम फोल्डर तुमचंच राहू शकतं, मग गिट तुमची कॉन्फिग वाचायला जातं आणि तपासणी पुन्हा ‘माझ्याकडे तर चालतंय’वर येते.

निकाल वाचताना एक भान ठेवा. किल्ली जेन्किन्सच्या क्रेडेन्शियल पेटीत असेल तर तो ती बिल्डपुरती तात्पुरत्या फाइलमध्ये काढतो. हाताने चालवलेल्या कमांडला ती मिळत नाही. त्यामुळे इथे ‘परमिशन डिनाइड’ आलं तर घाबरायचं कारण नाही. सर्व्हरपर्यंत वाट आहे आणि त्याची ओळख पटते, एवढं तर सिद्ध झालं. ‘होस्ट की’ची तक्रार किंवा टाइमआउट आला, तर मात्र बिघाड सापडला.

विंडोजवर सर्व्हिस ‘लोकल सिस्टिम’ नावाने चालत असेल तर तिचं होम तुमच्या युजर फोल्डरमध्ये नसतं. सिस्टिम३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरात ‘सिस्टिमप्रोफाइल’ आहे, ते तिचं घर. तुमच्या प्रोफाइलमधल्या किल्ल्या तिला दिसत नाहीत. असल्या वेळी सर्व्हिससाठी वेगळा युजर करणं मला जास्त पटतं.

सर्व्हरची ओळख

पहिल्यांदा एसएसएच करताना ‘या सर्व्हरचा ठसा असा आहे, पुढे जायचं का?’ असा प्रश्न येतो. आपण न वाचता ‘यस’ म्हणतो आणि सर्व्हरची सार्वजनिक किल्ली ‘नोन होस्ट्स’ फाइलमध्ये जाऊन बसते. जेन्किन्सला हो म्हणता येत नाही, म्हणून तो थेट नापास होतो. ही अडवणूक उगाच नाही. मध्येच कुणी दुसरा सर्व्हर उभा करून तुमचा कोड वळवू नये, यासाठी तेवढा एकच पहारेकरी आहे.

उपाय: ‘एसएसएच-कीस्कॅन’ने सर्व्हरच्या सार्वजनिक किल्ल्या मिळवा, त्यांचे ठसे पुरवठादाराने किंवा ॲडमिनने जाहीर केलेल्या ठशांशी अक्षर न अक्षर ताडून बघा, आणि मगच जेन्किन्स युजरच्या ‘नोन होस्ट्स’मध्ये घाला. ताडून न बघता स्कॅनचा निकाल फाइलमध्ये ओतणं म्हणजे डोळे मिटून ‘यस’ म्हणणंच. सर्व्हर २२ सोडून दुसऱ्या पोर्टवर असेल तर नोंदीत होस्टचं नाव चौकोनी कंसात आणि पुढे पोर्ट, अशी लागते. साधी नोंद असून नसल्यासारखी.

गिट क्लायंट प्लगइनमध्ये याची सेटिंग आहे. ‘मॅनेज जेन्किन्स’मध्ये सिक्युरिटीच्या पानावर ‘गिट होस्ट की व्हेरिफिकेशन’ सापडेल. मूळ निवड ‘नोन होस्ट्स फाइल’ असते. मी बहुतेक ठिकाणी ‘मॅन्युअली प्रोव्हायडेड कीज’ ठेवतो, कारण त्यात सर्व्हरच्या किल्ल्या एकाच जागी राहतात आणि प्रत्येक एजंटवर फाइल सांभाळावी लागत नाही. यादीत शेवटी ‘नो व्हेरिफिकेशन’ही आहे. ती निवडली की बिल्ड लगेच हिरवा होतो. म्हणूनच ती धोक्याची.

२४ मार्च २०२३ला गिटहबने आपली आरएसए (किल्लीचा एक प्रकार) होस्ट किल्ली बदलली, कारण तिचा खाजगी भाग एका सार्वजनिक रिपॉझिटरीत थोडा वेळ उघडा पडला होता. आरएसएवर अवलंबून असलेले बिल्ड ‘रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’ असं ओरडत थांबले. पडताळणी बंद ठेवलेल्यांना काही कळलंच नाही, आणि कळू नये हीच तर अडचण. असा बदल अधिकृत आहे याची खात्री झाल्यावर ‘एसएसएच-कीजेन -आर’ने जुनी नोंद काढून नवी घालायची.

हा दोष परत परत येत असेल तर एजंट कंटेनर आहे का ते बघा. कंटेनर दर बिल्डला कोरा जन्मतो, काल हाताने घातलेली नोंद त्याच्याबरोबर गेलेली असते. सर्व्हरच्या सार्वजनिक किल्ल्या इमेजमध्येच, म्हणजे कंटेनरच्या साच्यात, घाला, किंवा वर सांगितलेली जेन्किन्सची सेटिंग वापरा.

किल्ली

आता ‘परमिशन डिनाइड’वाले.

पेटीत किल्ली चिकटवताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत: खाजगीऐवजी सार्वजनिक भाग चिकटवणं, ‘बिगिन’ किंवा ‘एंड’ची ओळ सुटणं, विंडोजच्या एडिटरने ओळींचे शेवट बदलणं. सगळ्यात चिवट म्हणजे शेवटच्या ओळीनंतरचं एंटर गाळणं. डोळ्यांना दोन्ही फाइली हुबेहूब सारख्या दिसतात, पण तेवढ्यावरून ‘लिबक्रिप्टो’ची तक्रार येते. मी एकदा अख्खी दुपार परवानग्या तपासण्यात घालवली होती, आणि शेवटी एक एंटर दाबून प्रश्न मिटला.

किल्ली फाइलमध्ये ठेवली असेल तर फाइलची परवानगी ६०० आणि एसएसएच फोल्डरची ७०० हवी. इतरांना वाचता येणारी खाजगी किल्ली एसएसएच वापरतच नाही.

सर्व्हरवर नोंदलेली किल्ली आणि आपल्याकडची किल्ली एकच आहे का, याचा अंदाज करत बसू नका. ‘एसएसएच-कीजेन -एलएफ’ आणि फाइलचं नाव द्या, ठसा मिळतो. गिट सर्व्हरच्या सेटिंगमध्येही तो दिसतो. जुळला तर पुढे चला, नाही जुळला तर काम संपलं.

ती किल्ली कुणाच्या नावावर आहे, हेही बघा. एका टीममध्ये सोमवारी सकाळी झाडून सगळे बिल्ड लाल झाले होते. कोडमध्ये काही बदल नाही, सर्व्हर ठणठणीत. शुक्रवारी एक सहकारी नोकरी सोडून गेला होता, नियमाप्रमाणे त्याचं खातं बंद झालं, आणि दोन वर्षांपूर्वी ‘तात्पुरती’ म्हणून लावलेली त्याची वैयक्तिक किल्ली त्याच्यामागोमाग गेली. जेन्किन्ससाठी वेगळं सेवा खातं किंवा डिप्लॉय की (माणसाऐवजी रिपॉझिटरीला जोडलेली किल्ली) वापरा. गिटहबवर एक डिप्लॉय की एकाच रिपॉझिटरीला लागते. त्यामुळे मुख्य रिपॉझिटरी उतरते आणि सबमॉड्यूलपाशी, म्हणजे तिच्यात जोडलेल्या दुसऱ्या रिपॉझिटरीपाशी, ठेच लागते, असंही होतं.

एचटीटीपीएसवर असाल तर पासवर्डचा नाद सोडा. गिटहबने गिटच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड १३ ऑगस्ट २०२१ पासून बंद केला. टोकन वापरा, त्याला वाचायची परवानगी आहे का पाहा, आणि मुदतीची तारीख टीमच्या कॅलेंडरवर टाका. ठराविक महिन्यांनी उगवणारा बिघाड बहुधा इथलाच.

एसएसएचला बोलतं करा

अजूनही उत्तर नसेल तर एसएसएचला ‘-व्हीव्हीव्ही’ लावून चालवा. ओळींचा पूर येतो, पण बघायचं थोडंच असतं. ‘ऑफरिंग पब्लिक की’ ही ओळ सांगते, कोणती किल्ली पुढे केली. तिच्यामागून ‘सर्व्हर ॲक्सेप्ट्स की’ आलं तर सर्व्हरला ती मान्य आहे. भलत्याच किल्ल्या पुढे केल्या जात असतील, तर सर्व्हर ठराविक प्रयत्नांनंतर दार लावतो. ओपनएसएसएचमध्ये ही मर्यादा मुळात ६ आहे. योग्य किल्ली सातवी असेल तर तिची पाळी येतच नाही. कॉन्फिगमध्ये ‘आयडेंटिटीज ओन्ली’ चालू करून नेमकी फाइल सांगा.

‘नो म्युच्युअल सिग्नेचर अल्गोरिदम’ दिसलं तर बोलणाऱ्या दोघांपैकी एक जण जुना आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ८.८ ने एसएचए-१ ही जुनी पद्धत वापरणाऱ्या आरएसए सह्या मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवल्या. आरएसए किल्ल्या बाद झाल्या असा समज त्या वेळी पसरला, तो चुकीचा. तीच किल्ली एसएचए-२च्या सहीने चालते, दोन्ही बाजूंना ती सही यायला हवी. जुनी बाजू अद्ययावत करता येत असेल तर तेच करा. नवी किल्ली बनवायचीच असेल तर ईडी२५५१९ प्रकारची घ्या. फार जुन्या प्लगइनमधल्या जावा लायब्ररींना ती वाचता येत नाही, एवढं बघून घ्या.

सर्टिफिकेट: दोन घरं, दोन याद्या

एचटीटीपीएसवर सर्वाधिक वेळ इथे जातो. जेन्किन्समध्ये भरवशाच्या सर्टिफिकेटांच्या दोन याद्या चालतात. गिटची कमांड ऑपरेटिंग सिस्टिमची किंवा गिटबरोबर आलेली यादी बघते. शाखा शोधणारी आणि एपीआयशी बोलणारी प्लगइन जावात आहेत, ती जावाची ‘केसर्ट्स’ बघतात. संस्थेचं अंतर्गत रूट सर्टिफिकेट (बाकीची ज्याच्या भरवशावर चालतात ते) एकीकडे घातलं आणि दुसरीकडे राहिलं, की फेच हिरवं आणि स्कॅनमध्ये ‘पीकेआयएक्स’. लॉगमध्ये जावाचा स्टॅक ट्रेस आहे की गिटची एक ओळ, यावरून कोणतं घर ते ओळखा.

जावाच्या यादीत ‘कीटूल’ने भर घालतात, मूळ पासवर्ड ‘चेंजइट’ आहे, आणि नाव सुचवतं तसं तो सहसा कुणी बदलत नाही. बिघाड पुन्हा उगवण्याचं कारणही इथेच: जावा अपग्रेड केलं की नवं जावा नव्या फोल्डरमध्ये कोरी यादी घेऊन येतं. भर घालायची पायरी अपग्रेडच्या स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवा.

ब्राउझरमध्ये कुलूप दिसतंय आणि गिट नाही म्हणतंय, असं असेल तर सर्व्हरच्या सर्टिफिकेटाला रूटशी जोडणारं मधलं सर्टिफिकेट सर्व्हर पाठवत नसावा. ब्राउझर ते इकडूनतिकडून मिळवून वेळ मारून नेतो, गिट तसं करत नाही. ‘ओपनएसएसएल एस-क्लायंट’ला ‘शोसर्ट्स’ लावून साखळी बघा. जुन्या मशीनवर आणखी एक फट आहे: ३० सप्टेंबर २०२१ला ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ची मुदत संपली, तेव्हा ओपनएसएसएल १.०.२ वापरणाऱ्या मशीन नवं रूट जवळ असूनही लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची सर्टिफिकेटं वापरणाऱ्या साइट्सवर अडकल्या.

मुदती आखूड होत चालल्या आहेत. सार्वजनिक सर्टिफिकेटांची ३९८ दिवसांची मर्यादा १५ मार्च २०२६ पासून २०० दिवसांवर आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येते. हाताने नूतनीकरण करणाऱ्या अंतर्गत गिट सर्व्हरला हे झेपणार नाही.

सर्टिफिकेटची तपासणीच बंद करणारं ‘एसएसएल व्हेरिफाय फॉल्स’ लावू नका. तपासायला पाच मिनिटं म्हणून लावलेलं मी तीन वर्षांनी काढलेलं आहे.

वाट

‘रिफ्यूज्ड’ म्हणजे मशीन भेटलं, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे बहुधा मधल्या फायरवॉलने पाकीट गिळलं. एजंटवरून पोर्ट २२ आणि ४४३ दोन्ही तपासा. २२ बंद असेल तर गिटहब एसएसएच ४४३ वरही देतं, त्यासाठी वेगळं होस्टनेम आहे. गिटची प्रॉक्सी सेटिंग एचटीटीपीएसला लागू होते, एसएसएचला नाही. आणि तुमच्या शेलच्या प्रोफाइलमध्ये लिहिलेली प्रॉक्सी जेन्किन्सच्या सर्व्हिसला दिसत नाही. पुन्हा तेच, ‘माझ्याकडे’.

कुठे थांबायचं

सर्व्हरचा ठसा बदललाय आणि कुणीच तशी घोषणा केलेली नाही: हात लावू नका, जुनी नोंद काढू नका, सुरक्षा टीमला फोन करा. खाजगी किल्ली किंवा टोकन लॉगमध्ये, चॅटवर किंवा कमिटमध्ये दिसलं: आधी रद्द करा, मग कळवा. कमिट पुसून भागत नाही.

साखळीत सर्टिफिकेट देणाऱ्याच्या जागी तुमच्याच संस्थेचं किंवा फायरवॉलचं नाव दिसलं, तर वाटेत कुणीतरी वाहतूक उघडून बघतंय. ते बहुधा अधिकृत असतं, पण निर्णय नेटवर्क टीमचा. गिट सर्व्हर तुमच्या ताब्यातला नसेल आणि दोष त्याच्या सर्टिफिकेटात किंवा एसएसएचच्या सेटिंगमध्ये असेल, तर तो त्या सर्व्हरच्या ॲडमिनकडे सोपवा.

नुसतं ‘गिट चालत नाही’ असं तिकीट टाकलं तर ते चार दिवस फिरून परत येईल. बिघाडाची वेळ, एजंटचा आयपी, समोरचं होस्टनेम आणि पोर्ट, चालवलेली कमांड आणि तिचा निकाल द्या. ‘-व्हीव्हीव्ही’चा निकाल जोडताना त्यातली अंतर्गत होस्टनेम आणि युजरनेम बघून घ्या, बाहेरच्या पुरवठादाराला पाठवणार असाल तर ती झाका.